दादरा बांधलेली बरणी

ती घटना आठवली की आजही मला आधी लिंबाच्या लोणच्याचा वास येतो. बाकीचं, म्हणजे कोठडी, प्रयोगशाळेचे अहवाल, कोर्टातली ती सकाळ, सगळं त्या वासामागून येतं.

आधी थोडं माझ्याविषयी. माझा जन्म सेम्बावांगचा, या शहराच्या उत्तर टोकाला गोदी आहे तिथला. वडील रत्नागिरीहून इथल्या गोदीत फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. माझी शाळा इंग्रजी, दुसरी भाषा मलय. मराठी फक्त घरात, तीही बोलण्यापुरती. लिहायला-वाचायला मी शिकलो तो लग्नानंतर. बायको पुण्याची. नोव्हेनाच्या एका रुग्णालयात ती फार्मासिस्ट होती, आणि सासरी येताना तिनं कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणली होती. ही हकीकत मराठीत लिहा, असं ती मला बरेचदा म्हणायची. "इंग्रजीत तुम्ही रिपोर्ट लिहिता. मराठीत लिहिलंत तर माणसं येतील त्यात." ती असताना लिहिणं झालं नाही. आता ती नाही, आणि संध्याकाळी घर फार शांत असतं, म्हणून लिहायला बसलो आहे. एकेक वाक्य जुळवायला वेळ लागतो. लागू दे.

नोकरीची अखेरची बरीच वर्षं मी अमली पदार्थविरोधी कामात काढली. पूर्वी हेरॉइनचा जमाना होता. मग बाजारात नवीनच प्रकार आला. प्रयोगशाळेत बनवलेली, अफूसारखा परिणाम करणारी कृत्रिम द्रव्यं. त्यातलं नायटाझीन नावाचं कूळ सगळ्यांत घातक. बायकोनं मला ते एका वाक्यात समजावलं होतं. "अफूला निदान शेत लागतं, ऊन लागतं. हे बंद खोलीत पिकतं. आणि चिमटीचा अंदाज चुकला की माणूस श्वास घ्यायचं विसरतो."

आमची अडचण वेगळी होती. कायदा चालायचा यादीवर. बंदी असलेल्या द्रव्यांची नावं यादीत असायची. बनवणारा हुशार असला तर तो द्रव्याच्या रचनेत एक छोटा बदल करायचा. परिणाम तोच, नाव वेगळं. यादीत ते येईपर्यंत त्याला रान मोकळं.

असाच एक माणूस आमच्या हाती लागला होता. चांगल्या घरातला, स्वच्छ इस्त्रीचे शर्ट घालणारा, समुद्राकाठच्या कंडोत, म्हणजे महागड्या खाजगी इमारतीत, एकटा राहणारा. त्याच्याकडे गोळ्या सापडल्या. प्रयोगशाळेचा अहवाल आला की द्रव्य नवीन आहे, यादीत नाही. त्याला सोडावं लागलं. ठाण्याच्या दारात त्यानं घड्याळ मनगटावर चढवलं, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सर, होमवर्क नीट करा ला. आधी लिस्ट बघायची, मग पकडायचं." (वाक्याला असा 'ला' जोडायची इथली बोलायची ढबच आहे.)

आरोपीनं शिवी दिली तर राग येत नाही, सवय असते. हसलेला मात्र विसरता येत नाही.

त्यानंतर कायदा बदलला. आता द्रव्याचं नाव काय, रचना कशी, याला महत्त्व उरलं नाही. मेंदूवर त्याचा परिणाम काय होतो, हे बघायचं ठरलं. विकणाऱ्याला लांब तुरुंगवास, वर वेताचे फटके. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी पेढे वाटले नाहीत, पण माझ्या सहकारी इन्स्पेक्टर बाईंनी माझ्या टेबलावर करी पफ आणून ठेवला आणि म्हणाल्या, "सर, होमवर्क झालं."

या बाई मलय. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, नजर माझ्यापेक्षा तयार. या हकीकतीत त्या पुन्हा येतील.

खबर आली ती एका आईकडून. नाव सांगणार नाही, म्हणाल्या. मुलगी कॉलेजात. कुणीतरी झोपेची गोळी म्हणून दिलेलं काहीतरी घेऊन बेशुद्ध पडली होती, रुग्णालयात वाचली. "ऑफिसर, माझी मुलगी वाचली. पुढच्या आईची वाचेलच असं नाही, म्हणून फोन केला." मुलीला एवढंच आठवत होतं की ती मैत्रिणीबरोबर सेम्बावांगच्या एका इमारतीखाली गेली होती. पार्किंगमध्ये गाडीत बसलेल्या माणसानं तोंडावर मास्क लावला होता. त्याच्या मांडीवर स्टीलचा कडीचा डबा होता. "इंडियन अंकल लोक ऑफिसला नेतात तसा." त्यानं डबा उलटा केला, बूड झाकणासारखं फिरवून काढलं आणि आतली पुडी मैत्रिणीच्या हातात ठेवली.

खबर देणाऱ्याचा आवाज ऐकायला नोकरीत हळूहळू शिकतो माणूस. सूड घेणारा घाईत बोलतो. ही बाई थांबून थांबून बोलत होती. मी पाळत लावली.

इमारत मोठी, दारं शेकड्यांनी. कुठलं दार, ते इन्स्पेक्टर बाईंनी शोधलं. इथे दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवायची पद्धत आहे. एका दाराबाहेरच्या कपाटात म्हाताऱ्या माणसाच्या मऊ चपला होत्या. बाई म्हणाल्या, "सर, या आंटीच्या चपला कधी हलतच नाहीत ला. पावसात नाही, उन्हात नाही. आंटी उडत जाते काय?"

चौकशी केली. फ्लॅट कुणीतरी खोट्या नावानं भाड्यानं घेतलेला. आत माणूस राहत नव्हतं.

मग एका सकाळी एक तरुण आला. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात कापडी पिशवी. मी जिन्याच्या वळणावर उभा होतो. त्यानं कपाटावरचा रिकामा डबा उचलून पिशवीत टाकला, पिशवीतला भरलेला डबा तिथे ठेवला, बेल वाजवली आणि बंद दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "मावशी, डबा ठेवलाय हं! सावकाश या, घाई करू नका. येतो मी."

मराठीत.

मी भिंतीला टेकलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत पाळतीवर असताना माझ्या आईची भाषा मी कधी ऐकली नव्हती. पहिला विचार मनात आला तो असा, की दारामागे कुणी नाही हे ज्याला माहीत आहे, तो असं बोलेल का? दुसरा विचार लगेच आला. ज्याला आपल्यावर पाळत असल्याचा संशय आहे, तो अगदी असंच बोलेल. पोलिसाला दोन्ही विचार करावे लागतात.

डबा घ्यायला कोण येतं ते बघत आम्ही थांबलो. कुणी आलं नाही. मालाच्या मालकाला कुठूनतरी वास लागला असावा. शेवटी डबा ताब्यात घेतला, फोटो काढून सीलबंद केला. वर मेतकूट होतं. दुहेरी बुडाच्या आत पांढरी पूड. प्रयोगशाळेनं सांगितलं, नायटाझीनच्या कुळातलं, पुन्हा एक नवीन भावंड. जुन्या कायद्यात ते सुटलं असतं. नव्या कायद्यात सुटणार नव्हतं.

आम्ही त्या तरुणाला त्याच्या घरून उचललं. सेम्बावांगमध्येच राहायचा. जहाजदुरुस्तीच्या कंपनीत इंजिनिअर, मूळचा साताऱ्याकडचा, कामासाठी मुंबईला सारखी ये-जा. दाराशी त्याची लहान मुलगी उभी होती. बाईंनी तिला विचारलं, आई कुठे? ती म्हणाली, "मम्मा ऑफिस ला. पप्पा मेकिंग माय एग." गॅसवर अंडं उकळत होतं. बाईंनी गॅस बंद केला, शेजारणीला बोलावलं, आणि कोठडीत टाय चालत नाही म्हणून त्याला तो सोडायला सांगितलं.

इथला कायदा वाचकांना सांगायला हवा. माल ज्याच्या ताब्यात सापडतो, त्याला त्याची माहिती होती, असं कायदा धरून चालतो. मला माहीत नव्हतं, हे त्यानं सिद्ध करायचं असतं. म्हणजे त्या तरुणानं तोंड उघडून पटेल असं काही सांगितलं नाही, तर त्याची उमेदीची वर्षं तुरुंगात जाणार, पाठीवर वेत पडणार, आणि खरा मालक दुसरा कुणी इंजिनिअर शोधणार.

चौकशीच्या खोलीत तो इंग्रजीत "सॉरी सर, सॉरी सर" एवढंच म्हणत होता. दुभाषी हवा का, असं नियमानुसार विचारायचं असतं. मी मराठीत विचारलं.

तो दचकला. "सर, तुम्ही मराठी?"

"हो."

"कुठले?"

"सेम्बावांगचा. प्रश्न मी विचारायचे आहेत. पाणी प्या."

त्याची हकीकत साधी होती. इथल्या मराठी मंडळींचा फोनवरचा ग्रुप. कुणी मुंबईहून येत असलं की बाकीचे सांगतात, आमचं एवढं आणाल का. कुणाचा गोडा मसाला, कुणाचं औषध, कुणाचे चष्मे. कुणी कुणाला ओळखत नाही, तरी नाही म्हणत नाही. त्या ग्रुपमध्ये एक काकू आल्या. नवी मुंबईच्या. "बाळा, माझी बहीण तिकडे एकटी आहे रे. तिला मेतकूट-भाताशिवाय जेवण जात नाही. सांधे धरलेत तिचे, दार उघडायला वेळ लागतो. तू आपला डबा दाराशी ठेव, मागचा रिकामा घेऊन ये." हा नेत राहिला. मावशींना कधी पाहिलं नाही. बंद दाराशी बोलून परत यायचा.

"घरी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही सर. बायकोला तर अजिबात नाही."

"डब्याबरोबर आणखी काही देत होतास?"

"नाही. फक्त डबा."

हे तो फार झटकन म्हणाला. खोटं बोलणारा माणूस उत्तर आधीच तयार ठेवतो, प्रश्न संपायची वाट बघत नाही. जबाब लिहिला, त्याला वाचून दाखवला, त्यानं सही केली. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "सर, बायकोला माहीत नाही म्हणतो. मग लपवत होता म्हणजे काय लपवत होता? सरकारी वकील हेच विचारणार."

बरोबर होतं. त्याच्या त्या एका वाक्यानं त्याच्याभोवतीचा फास आवळला होता.

प्रयोगशाळेनं दुसरीही एक गोष्ट सांगितली. या पुडीत मिसळलेली भर आणि त्या हसऱ्या माणसाकडे मागे सापडलेल्या गोळ्यांमधली भर एकाच प्रकारची दिसते. पुरावा म्हणून हे पुरेसं नव्हतं, झडतीसाठी पुरेसं होतं. आम्ही त्याच्या कंडोत गेलो.

त्यानं दार उघडलं, आणि ओळखीचं हसला. "ओ, सर! चहा?"

कपाटं, गाद्या, पंख्यांची आवरणं, सगळं बघितलं. काही नाही. फ्रिज उघडला. बाटल्या, अंडी, कालचा चिकन राइस. आणि मागच्या बाजूला एक काचेची बरणी. अर्धी संपलेली, आत लिंबाच्या फोडी. बरणीच्या तोंडाला कापड बांधलेलं. पिवळं सुती, त्यावर छोटे हिरवे पोपट, भोवती सुतळीचे वेढे.

दादरा. माझी आई असाच बांधायची, बायकोही बांधायची. लोणच्याच्या बरणीला झाकण असलं तरी वरून स्वच्छ कापडाचा दादरा हवाच.

मी बघत राहिलो, तसा तो मागून म्हणाला, "सर, पिकलसुद्धा चेक करणार? घ्या ना, भाताबरोबर बेस्ट लागतं ला."

दादरा बाळगणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. बाईंनी नेहमीप्रमाणे फ्रिजचे फोटो काढले आणि आम्ही रिकाम्या हातानं निघालो. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तो आम्हाला हात हलवत होता.

त्या संध्याकाळी मी घरी आलो. केसबद्दल मी बायकोला कधी सांगत नसे, आणि ती कधी विचारत नसे. पण ती भाजी निवडत होती, मी समोर बसलो होतो, आणि माझ्या तोंडून नुसताच एक प्रश्न निघाला. "समज, एखादा मुलगा एकट्या म्हाताऱ्या बाईला डबा पोचवायला जातो. मुंबईहून आलेला डबा. बरोबर आणखी काही नेईल का?"

"मोकळ्या हातानं जातं का कुणी म्हाताऱ्या माणसाकडे? त्याची बायको देणारच काहीतरी."

"तो म्हणतो, काही दिलं नाही. बायकोला माहीतच नाही म्हणतो."

ती हसली. "तो म्हणतो! स्टीलचा डबा स्वैपाकघराच्या ओट्यावर येतो आणि बाईला माहीत नाही? अहो, बायकोला यात ओढायचं नाही म्हणून म्हणत असेल बिचारा. आणि नसेलही लक्षात. मी तुमच्या बहिणीकडे तुमच्याच हातून काय काय पाठवते, ते सांगता येईल का तुम्हाला? पिशवी उचलता आणि जाता. नवऱ्याला काय विचारता, बायकोला विचारा."

मग मेथीची जुडी झटकत म्हणाली, "आणि ती म्हातारी तरी कशी हो? डबा परत देताना त्यात काही घालते का?"

मला जिन्याच्या वळणावरून दिसलेला तो डबा आठवला. "नाही. रिकामाच."

"निदान साखरेची चिमूट?"

"काही नाही."

"मग ती मराठी नाही," ती म्हणाली, "किंवा ती म्हातारीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना घेऊन इंजिनिअरच्या घरी गेलो. इमारतीच्या आवारातून चालताना सवयीनं वर बघितलं. इथे स्वैपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूंवर कपडे वाळत घालतात. त्याच्या मजल्यावर एका बांबूच्या टोकाला लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता.

पिवळा. हिरव्या पोपटांचा.

मी थांबलो. बाईंनी माझ्या नजरेच्या रोखानं वर पाहिलं, मग फोन काढून कालचा फ्रिजचा फोटो मोठा केला. लिफ्टसाठी न थांबता आम्ही जिन्यानं चढलो.

इंजिनिअरची बायको रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत संगणकाचं काम करणारी. डोळे सुजलेले, आवाज मात्र ताठ. "माझ्या नवऱ्यानं काही केलेलं नाही. तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा. मला कुणी विचारतच नाहीये."

"आता विचारतो. मावशींना डब्याबरोबर काही पाठवत होतात?"

"मग? म्हातारं माणूस, एकटं. कधी शंकरपाळे दिले, कधी चिवडा. शेवटच्या डब्याच्या आधीच्या खेपेस लोणचं दिलं. इथल्या छोट्या लिंबांचं, आलं घालून, कमी तिखट. म्हातारपणी तिखट सोसत नाही ना, म्हणून."

"कशात दिलं?"

"काचेच्या बरणीत. दादरा बांधून. डबा आणि बरणी एकाच पिशवीत घालून दिलं ह्यांच्या हातात. ह्यांना म्हटलंसुद्धा, बरणी आठवणीनं परत आणा. तर नुसता डबाच परत आला, तोही रिकामा." तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "मी ह्यांच्याशी भांडले त्यावरून. म्हटलं, काय बाई आहे तुमची मावशी! एक साधी बरणी परत देववत नाही."

"दादऱ्याचं कापड कुठलं होतं?"

ती उठली. "हिचा फ्रॉक शिवून उरलेलं. थांबा, अजून तुकडा आहे." शिवणाच्या पिशवीतून तिनं पिवळ्या कापडाचा तुकडा काढला. एका कडेला कात्री वाकडी गेलेली दिसत होती. "हिनं हात हलवला माझा कापताना," ती म्हणाली. मुलगी आईच्या पायामागून माझ्याकडे बघत होती. "नॉट मी," ती म्हणाली. "स्कॉर्पियन बाईट." विंचू चावला म्हणून हात हलला, असं तिचं म्हणणं.

बाई खाली बसल्या आणि तिला म्हणाल्या, "विंचवाला माझ्याकडून थँक्यू सांग हं."

त्याच दिवशी आम्ही कंडोत परत गेलो. आमचा जीव मुठीत होता. त्यानं बरणी फेकली असेल तर सगळं संपलं. फ्रिज उघडला. बरणी तिथेच होती, कालच्यापेक्षा दोन फोडी कमी. आणलेली गोष्ट सहसा फेकायची नाही, एवढा त्याचा एकच सद्गुण, आणि तोच त्याला नडला. बाईंनी हातमोजे घातले आणि एखादं देवघरातलं भांडं उचलावं तशी बरणी उचलली.

प्रयोगशाळेत दादरा आणि तो तुकडा शेजारी शेजारी ठेवले. वाकडी कात्री वाकड्या कात्रीला बरोबर बसली, एक पोपट अर्धा इकडे, अर्धा तिकडे. काचेवर बोटांचे ठसे होते. इंजिनिअरच्या बायकोचे, इंजिनिअरचे, आणि त्या हसऱ्या माणसाचे.

त्याला चौकशीच्या खोलीत आणलं. टेबलावर मी फक्त बरणी ठेवली.

"हे कुठून आणलंत?"

"शॉपमधून. लिटल इंडिया."

"दुकानदार असं कापड बांधून देतो?"

"होममेड टाइप असतं ना, सर."

"या इंजिनिअरला ओळखता?" मी फोटो दाखवला.

"कधी पाहिलं नाही. कोण हा?"

"सेम्बावांगला कधी गेलात?"

"ती बाजू माझी नाही, सर."

बोलू द्यावं माणसाला. खोट्याच्या प्रत्येक विटेवर तो स्वतःच दुसरी वीट ठेवतो. भिंत पुरेशी उंच झाल्यावर मी तुकडा जोडलेल्या दादऱ्याचा फोटो ठेवला. मग मुलीच्या फ्रॉकचा. मग ठशांचा अहवाल. मग एवढंच म्हटलं. "ही बरणी ज्या पिशवीत होती, त्याच पिशवीत डबा होता. बरणी तुमच्या फ्रिजमध्ये आली, म्हणजे डबाही तुमच्याच हातात आला."

तो बरणीकडे बघत राहिला. मग खुर्चीत मागे रेलला आणि त्याला जुनी वाट आठवली. "पूड कसली आहे ते बघा आधी. लिस्टमध्ये नसणार."

या वाक्याची मी किती दिवस वाट बघत होतो, ते माझं मलाच माहीत.

"पूड?" मी म्हटलं. "मी अजून पुडीचं नावही घेतलेलं नाही. डबा म्हटलं फक्त."

शेजारी बसलेल्या बाईंचं पेन क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू लागलं.

"आणि दुसरं," मी म्हटलं. "लिस्टची आता गरज नाही. तुम्ही होमवर्क केलं नाहीत. कायदा बदललाय."

तो हसला नाही.

पुढचं काम वेगानं झालं. सेम्बावांगच्या पार्किंगमधल्या कॅमेऱ्यांत त्याची गाडी सापडली, मागच्या खेपेच्या दिवशी, डबा आणि बरणी दाराशी ठेवल्यानंतर लगेच. त्यानं भाड्यानं घेतलेली साठवणीची खोली सापडली. तिथे गोळ्या दाबायचं यंत्र होतं आणि एकावर एक रचलेली स्टीलच्या डब्यांची बुडं. आमच्याकडून कळवल्यावर नवी मुंबईच्या काकूंना तिकडच्या पोलिसांनी उचललं. काकू वयानं तरुण निघाल्या आणि मेतकूट बाजारातून आणायच्या, असं ऐकलं. ते ऐकून माझी बायको सगळ्यांत जास्त चिडली.

इंजिनिअरला मी स्वतः जाऊन विचारलं. "बायकोला माहीत नाही असं का सांगितलंस?"

तो खाली बघून म्हणाला, "सर, मला वाटलं एकानं जावं आत. दोघं गेलो तर मुलीचं काय?"

"खरं सांगितलं असतंस तर कुणीच आत गेलं नसतं."

"आता कळतंय सर."

सरकारी वकिलांपुढे मी सगळं मांडलं. ज्याला डब्यात काय आहे हे माहीत आहे, तो आपल्या बायकोला त्याच पिशवीत म्हाताऱ्या मावशीसाठी कमी तिखट लोणचं बांधून देऊ देणार नाही. वर बरणी परत आली नाही म्हणून बायकोची बोलणी खाणार नाही. त्यांनी फाईल दोनदा वाचली. इंजिनिअरवरचे आरोप मागे घेतले गेले. तो सुटला त्या दुपारी त्याची मुलगी कोर्टाच्या आवारात त्याच्या पायाला मिठी मारून उभी होती, आणि विचारत होती, "पप्पा, माय एग?"

हसऱ्या माणसाचा खटला चालला. बचावाच्या वकिलांनी द्रव्याच्या रचनेवर बराच वेळ युक्तिवाद केला. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं आणि नव्या कायद्याचं कलम वाचून दाखवलं. तुरुंगवास, आणि वेताचे फटके. शिक्षा ऐकताना त्याचा शर्ट तसाच कडक इस्त्रीचा होता. बाहेर नेताना त्याची नजर माझ्यावर पडली. मी हसलो नाही. हसायची गरज वाटली नाही. मागच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण निकाल संपल्यावर त्या माझ्यापाशी येऊन थांबून थांबून म्हणाल्या, "थँक यू, ऑफिसर." तो आवाज मी ओळखला. त्यांच्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी उभी होती. सडपातळ, थोडी घाबरलेली, पण उभी.

मला नोकरीत मानचिन्हं मिळाली. ती कपाटात आहेत. त्या मुलीचं ते उभं राहणं माझ्या लक्षात आहे.

या केसनं काय शिकवलं, असं बायको एकदा मला विचारत होती. तेव्हा मी म्हटलं होतं, कायदा कडक हवा. विष विकणाऱ्याला पळवाट ठेवली की तो तिचा रस्ता करतो. आज त्यात एक भर घालतो. कायद्याचा फास जितका घट्ट, तितकं तो ओढणाऱ्याला आधी नीट बघून घ्यायला हवं, की आत मान कुणाची आहे. नवा कायदा नसता तर तो माणूस पुन्हा हसत घरी गेला असता. आणि नुसता नवा कायदाच असता, तर त्याच्या जागी एक भाबडा बाप आत गेला असता. दोन्ही टळलं ते एका बाईला म्हाताऱ्या माणसाकडे रिकाम्या हातानं नवऱ्याला पाठवणं जमलं नाही म्हणून, आणि दुसरीला ते जमणार नाही हे माहीत होतं म्हणून.

त्या दुसरीला जाऊन आता काही महिने झाले. आजारपण लांबलं नाही. तिच्या दिवसांनंतर एका रविवारी बेल वाजली. इंजिनिअर, त्याची बायको आणि मुलगी. मुलगी उंच झाली होती. बायकोनं माझ्या हातात एक बरणी दिली. लिंबाचं लोणचं, आणि वर दादरा. पिवळा, हिरव्या पोपटांचा.

"तोच तुकडा?" मी विचारलं.

"कोर्टातून परत मिळाला ना," ती म्हणाली. "चांगलं कापड आहे. टाकवत नाही."

लोणचं मी पुरवून पुरवून खाल्लं. काल बरणी संपली. ती घासली, उन्हात वाळवली, दादरा धुवून बांबूवर टाकला. मग ओट्यापाशी उभा राहिलो. मला स्वैपाक येत नाही. शंकरपाळे येत नाहीत, चिवडा येत नाही. पण आमच्या दाराबाहेर कुंडीत तिनं लावलेलं लिंबाचं झाड आहे, इथल्या छोट्या लिंबांचं. ती गेल्यापासून मी त्याला नुसतं पाणी घालतो, तोडत काही नाही. काल बघितलं तर झाड लिंबांनी पिवळं झालं होतं.

लिंबं तोडून बरणी गळ्यापर्यंत भरली. दादरा बांधायला मला तीनदा सोडून बांधावं लागलं. आज सकाळी एमआरटीच्या गाडीनं सेम्बावांगला जाऊन ती परत देऊन आलो.

दार लगेच उघडलं.